गोरखचिंच फोडली, आता पुढे काय?

मांडूला गेलेली बरीच मंडळी रस्त्याकडेला मिळणारी ती लव असलेली, फुगीर फळं हौसेने घेऊन येतात. घरी आल्यावर ती शोकेसमध्ये जाऊन बसतात. तेच झाड वसईच्या किल्ल्यात आहे, आपण त्याला गोरखचिंच म्हणतो. मूळ आफ्रिकेतलं, तिकडचं बाओबाब. चिंचेशी त्याचं नातं फक्त आंबटपणापुरतं. कुळ म्हणाल तर भेंडीचं.

या फळाचं एक बरं आहे. ते झाडावर लटकल्या लटकल्याच आतून वाळतं. वाळवण घालायला नको, आटवायला नको. आपलं काम फक्त ते सोडवायचं.

फोडणं. आधी फळ कानाजवळ धरून हलवा. खुळखुळ्यासारखा आवाज आला की तयार. ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ती मखमली लव बोटांना टोचत राहते. मग जमिनीवर गोणपाट टाकून त्यावर फळ ठेवा आणि वरवंट्याने मधोमध ठोका. कोयता नको, कवच टणक आणि फुगीर असतं, पातं घसरतं. आत पांढरट, खडूसारखे तुकडे निघतील, प्रत्येकात एक काळपट बी आणि सगळ्यांना गुंडाळून तांबूस दोरे. दोरे ओढून काढा. गर काळा पडलेला असेल, बुरशीचा वास येत असेल किंवा कीड दिसली तर अख्खं फळ टाका, निवडत बसू नका.

एक तुकडा तसाच जिभेवर ठेवून बघा. आधी पिठूळ लागतो, मग विरघळतो आणि आंबट ताकाची आठवण होते. युरोपीय संघाने २००८ साली हा वाळका गर खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी दिली आणि तेव्हापासून त्याची भुकटी डबाबंद होऊन महागात विकली जाते. फळ हाताशी असेल तर त्या डब्याची गरज नाही.

सरबत. सेनेगलमध्ये याला बुय म्हणतात, मलावीत मलांबे. वाटीभर तुकडे बियांसकट चार वाट्या कोमट पाण्यात तासभर भिजवा. मग चिंचेचा कोळ काढतो तसे हाताने कोळा. गाळायला मोठ्या भोकांची चाळणी घ्या. फडकं घेतलंत तर फसलात, कारण गरात पेक्टिन भरपूर असतं आणि पाणी पेजेसारखं दाट होतं. साखर, चिमूटभर मीठ आणि जायफळ घाला. जायफळ माझ्या पदरचं नाही, सेनेगलातही घालतात. उकळू मात्र नका, क जीवनसत्त्व त्यातच जातं. दूध घालायचं असेल तर थंडगार आणि अगदी शेवटी. गरम दूध हमखास फाटतं.

मबुयू. हा माझ्या मते या फळाचा सगळ्यात झकास उपयोग. मोंबासा, लामू, झांझिबार या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोरंटोरं हे खातात आणि ओठ, जीभ, दात लालभडक करून घरी जातात. आपल्याकडच्या शाळेबाहेरच्या गाडीवर शोभेल असा पदार्थ.

दोन वाट्या गर चिकटलेल्या बिया घ्या. कढईत एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी उकळून पाक चिकट होऊ द्या. त्यात अर्धा चमचा तिखट, वेलदोड्याची पूड, मीठ आणि खायचा लाल रंग घाला. आच मंद करून बिया टाका आणि उलथन्याने सतत हलवा. पहिल्यांदा सगळं ओलं, चिखलासारखं दिसेल. घाबरू नका, दोन-चार मिनिटांत पाक बियांवर सुकायला लागतो. ताटात पसरून सुट्या करा आणि गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. पावसाळ्यात करू नका, गोळा होतो. चघळायच्या आणि बी थुंकायची. बी चावायला जाल तर दाताचा डॉक्टर गाठावा लागेल.

पानांचं थोडक्यात सांगतो. उत्तर नायजेरियातले हौसा लोक कोवळी पानं वाळवून कुटतात. ती पूड म्हणजे कुका. रश्श्यात घातली की तो भेंडीसारखा बुळबुळीत होतो. कुळ उगाच नाही सांगितलं! ज्यांना भेंडीची तार सहन होत नाही त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

उरलेल्या बिया. सरबताच्या बिया धुऊन, वाळवून भाजता येतात, फोडून आतला दाणा खातात. पण मी त्यातल्या चार-पाच पेरायला ठेवतो. मबुयूच्या बिया पाकात शिजलेल्या, त्या उगवणार नाहीत. टरफल फार टणक असतं, म्हणून एका बाजूने पॉलिश पेपरवर घासा आणि रात्रभर पाण्यात भिजवून, वाळू जास्त असलेल्या मातीत बोटाच्या पेराइतक्या खोल लावा. पाणी बेतानेच, मुळं चटकन कुजतात. पंजासारखी पाच-सात पानांची रचना सुरुवातीला दिसत नाही. पहिली पानं साधी, सुटी येतात, तेव्हा भलतंच काहीतरी उगवलं म्हणून रोप उपटू नका.