सातबाऱ्यात अडकलेलं अनुदान

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, सर्वसाधारण गटाला ४०. म्हणून मत्स्यतळ्याचा अर्ज माझ्या नावाने केला. दोनदा परत आला. सातबारा सासरे आणि चुलतसासऱ्यांच्या सामाईक नावावर, माझं नाव कुठेच नाही! मग ताजा उतारा काढला आणि दोघांशी नोंदणीकृत भाडेकरार करायचं ठरवलं. सहीच्या वेळी चुलतसासऱ्यांचा हात थरथरत होता. जमीन जाईल ही भीती. शेजारी बसून करार ओळीन् ओळ वाचून दाखवला, तेव्हा कुठे सही झाली. तिसऱ्यांदा अर्ज मंजूर. अनुदान कामानंतर येतं, तेव्हा खोदाई, जाळी, मत्स्यबीज, सगळ्याच्या पक्क्या पावत्या जपा. रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मागच्याच आठवड्यात सोडली, पाण्याची सवय व्हावी म्हणून त्यांच्या पिशव्या आधी तळ्यात तरंगत ठेवून.