मधुमेहाच्या तपासण्या एकाच फेरीत उरका

साथीच्या काळात संसर्गाच्या धास्तीने मधुमेही व्यक्ती नेहमीच्या तपासण्या पुढे ढकलत राहतात, आणि वाढलेली साखर बरेचदा काहीच त्रास जाणवू देत नसल्यामुळे हा उशीर लक्षातही येत नाही.

गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा सरासरी अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी उपाशीपोटी करावी लागत नाही, म्हणून प्रयोगशाळेतील सकाळची गर्दी टाळून दुपारची वेळ मागून घ्यावी.

१. आधी डॉक्टरांना फोन करून कोणत्या चाचण्या राहिल्या आहेत ते विचारावे. मूत्रपिंडाचे काम तपासणाऱ्या क्रिएटिनिन (रक्तातील) आणि लघवीतील अल्ब्युमिन या चाचण्यांचे नमुने त्याच फेरीत देता येतात.

२. घरच्या ग्लुकोमीटरवरील नोंदी एका कागदावर लिहाव्यात. प्रत्येक आकड्यापुढे तारीख, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर आणि घेतलेले औषध एवढे नोंदवले, तरच डॉक्टरांना फोनवरून डोसाविषयी नेमका सल्ला देता येतो, त्यामुळे या कामात आळस करू नये. कागदाचा फोटो अहवालासोबत आधीच पाठवावा.

३. जखम झाली आहे का हे कळण्यासाठी तळपाय रोज आरशात पाहावेत.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र फोनवर होत नाही. तिची वेळ स्वतंत्रपणे ठरवावी.

पायाची जखम, सतत उलट्या किंवा धाप लागणे अशा वेळी फोनच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे, आणि जेवण कमी झाले म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.