विकासदर, विषमता आणि हवामानबदल: आकडे जोडताना या चुका टाळा

या तीन गोष्टी एकत्र मांडणारा निबंध, अग्रलेख किंवा भाषण बहुतेक वेळा छेदात फसतं. आकडा खरा असतो, पण तो कशाने भागलाय हे कुणी विचारत नाही. माणशी, जीडीपीच्या रुपयामागे, की जिल्ह्यामागे? छेद बदलला की निष्कर्ष उलटतो.

'45 टक्के कपात' म्हणजे उत्सर्जन घटलं असं धरणं

सगळ्यात जास्त दिसणारी गफलत हीच. भारताचं 2030 चं उद्दिष्ट जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन, म्हणजे उत्सर्जन तीव्रता, 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी खाली आणण्याचं आहे. एकूण उत्सर्जन घटवण्याचं नाही. हिशेब मांडून बघा. 25 वर्षांत 45 टक्के घट म्हणजे वर्षाला साधारण 2.4 टक्के. अर्थव्यवस्था दर वर्षी 6.5 टक्क्यांनी वाढते असं धरलं, तर 1.065 गुणिले 0.976 बरोबर सुमारे 1.04. म्हणजे उद्दिष्ट तंतोतंत पाळूनही एकूण उत्सर्जन वर्षाला जवळपास 4 टक्क्यांनी वाढतं, 25 वर्षांत अडीचपटीच्या पुढे जातं. याच वाढीत उत्सर्जन आहे तिथेच रोखायचं असेल, तर तीव्रता वर्षाला 6.1 टक्क्यांनी उतरायला हवी.

विकासदर मात्र स्थिर किमतींवरचा, म्हणजे महागाई वगळून काढलेला घ्या. चालू किमतींवरचा 10-11 टक्क्यांचा दर घातला, तर एकही बॉयलर न विझवता केवळ महागाईमुळे तीव्रता घटल्यासारखी दिसते.

'निम्मी वीज स्वच्छ झाली' हे वाक्यही याच पठडीतलं. 2025 मध्ये भारताच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू वगैरे) झाला, हे खरं. पण एक मेगावॅट सौर प्रकल्प वर्षाला साधारण 15-16 लाख युनिट देतो, तर 70 टक्के भाराने चालणारा एक मेगावॅट कोळसा संच 61 लाख. उत्सर्जनाचा हिशेब युनिटांवर करायचा, मेगावॅटवर नाही.

देशाची सरासरी म्हणजे प्रत्येकाचा वाटा समजणं

भारत एकूण उत्सर्जनात तिसरा आहे, आणि माणशी कार्बन डायऑक्साइड सुमारे 2 टन, अमेरिकेच्या सातव्या हिश्श्याइतका. दोन्ही बरोबर. वाद घालणारे आपल्या सोयीचा एक उचलतात आणि दुसरा गिळतात. पण सरासरीच्या आतही बघायला हवं. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे 2019 मध्ये जगातल्या सर्वांत श्रीमंत 10 टक्के लोकांच्या वाट्याला निम्मं उत्सर्जन येत होतं, तर खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला 8 टक्के. यात मुंबई-पुण्यातला वरचा थरही येतो, ही बाब भारताच्या बाजूने बोलताना सोयीस्कररीत्या गळते.

दोन स्रोतांतले आकडे जुळत नसतील तर आधी वायू तपासा. फक्त कार्बन डायऑक्साइड धरला तर भारताचे माणशी 2 टन, मिथेन वगैरे सगळे हरितगृह वायू धरले तर 3 टनांच्या आसपास. तरीही फरक तिप्पट-चौपट असेल, तर एका ठिकाणी 'कार्बन' आणि दुसऱ्या ठिकाणी 'कार्बन डायऑक्साइड' असणार. कार्बनच्या टनांना 3.67 ने गुणा, ताळा लागतो.

गिनी निर्देशांक आंधळेपणाने लावणं

गिनी म्हणजे विषमतेचं माप: 0 ला पूर्ण समानता, 100 ला टोकाची विषमता. 2022-23 साठी जागतिक बँकेने भारताचा गिनी 25.5 दिला, आणि भारत जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक असल्याच्या बातम्या झाल्या. हा आकडा घरखर्चाच्या सर्वेक्षणावरचा आहे. कित्येक देशांचे गिनी उत्पन्नावर काढलेले असतात. श्रीमंत माणूस उत्पन्नातला मोठा भाग खर्चच करत नाही, त्यामुळे खर्चाचा गिनी सहसा सौम्य दिसतो. जागतिक बँकेच्या त्याच टिपणात भारताच्या उत्पन्नाचा 2023 चा गिनी 62 असल्याचा एक अंदाजही आहे. हवामानाच्या चर्चेत कोणता घ्यायचा? उत्सर्जन कोण करतं हे शोधायचं असेल तर खर्च उपयोगी पडतो, पण गुंतवणुकीमागचं उत्सर्जन त्यात येत नाही. आपत्तीतून कोण सावरेल हे बघायचं असेल तर उत्पन्नही अपुरं. तिथे बचत आणि मालमत्ता बघा.

धूर जिथे, दोष तिथे

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. जिल्हावार माणशी उत्सर्जन काढलं की चंद्रपूरकर राज्यातल्या 'उधळ्यां'त गणले जातील. वीज मात्र राज्यभर वापरली जाते. राख आणि प्रदूषण चंद्रपूरला, एसी दुसरीकडे. म्हणून जिल्ह्यांची तुलना करताना वीज जिथे वापरली तिथे मोजा: युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरता येतो. ब्रिटनसारख्या देशाने उत्सर्जन निम्म्यावर आणल्याचं वाचलं तरी हाच प्रश्न विचारायचा, आयात मालातलं धरलं का? ते धरलं की घट राहते, पण बरीच लहान होते.

'आधी श्रीमंत होऊ, मग स्वच्छ' हा युक्तिवाद गंधकाच्या धुराबाबत काही देशांत खरा ठरला. कारण तो धूर तिथल्याच मतदाराच्या छातीत जायचा. कार्बन डायऑक्साइडला तो धाक नाही, त्याचा परिणाम साऱ्या जगावर पसरतो.

नुकसान फक्त रुपयांत मोजणं

उदाहरणादाखल, वर्षाला 25 लाख कमावणाऱ्या घराचं पुरात 1 लाखाचं नुकसान झालं, तर ते उत्पन्नाच्या 4 टक्के. 1 लाख 20 हजारांत भागवणाऱ्या घराच्या दोन शेळ्या, भांडी आणि धान्य मिळून 40 हजार गेले, तर तो तिसरा हिस्सा. रुपयांच्या यादीत पहिलं घर वर येतं. नुकसान वार्षिक उत्पन्नाच्या टक्क्यांत लिहा, म्हणजे क्रम उलटेल. जीडीपीकडून इथे मदत होत नाही: तो वर्षभरातलं उत्पादन मोजतो, त्यामुळे पडलेलं घर वजा होत नाही आणि ते परत बांधण्याचा खर्च मात्र जमा होतो.

पंचनाम्याचे आकडे वापरतानाही जपून. पीकनुकसानीची मदत साधारणपणे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. तोंडी बटईने कसणारा आणि मजुरी बुडालेली शेतमजूर बाई त्या यादीत बहुधा नसते. तिचं नुकसान अजमावायचं असेल, तर बुडालेले दिवस गुणिले त्या गावातली चालू मजुरी असा साधा गुणाकार करा, बाई-पुरुषांची मजुरी वेगळी धरा, आणि त्याच महिन्यांतल्या रोजगार हमीच्या कामाच्या मागणीशी तो ताडून पाहा.