शिनो शिकायला जाताय? आधी बूड पाहायला शिका

चार वर्षं इथल्या कुंभारकामाच्या स्टुडिओत काम करून मी जपानच्या गिफू प्रांतात, मिनो भागात शिनो, म्हणजे दाट पांढऱ्या लेपाची मातीची भांडी, शिकायला गेले, तेव्हा हात बसलाय असं वाटत होतं. पहिल्याच दिवशी चाक उलटं निघालं. मी शिकले ते घड्याळाच्या विरुद्ध फिरणारं, तिथलं काट्यांच्या दिशेने. हाताला वळण लागायला महिना गेला. जाणार असाल तर ही सवय घरीच करा, आणि मोडकंतोडकं तरी जपानी बोलायला शिका.

खरं शिक्षण मात्र खापऱ्यांपाशी झालं. सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या गुरूंनी, शिनोचा एक तुकडा हातात दिला आणि "उलटा कर" एवढंच म्हणाले. वरून दाट सायीसारखा पांढरा, बारीक छिद्रांचा. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, पातळ झालं तिथे तांबूस. बुडाशी उघडी, भरड माती. मी अर्धा तास तेच पाहत बसले.

बूड पाहण्याचं महत्त्व तिथे सगळ्यांना माहीत आहे, ते कुंभार आराकावा तोयोझो यांच्यामुळे. 16व्या शतकाच्या अखेरीचं शिनो सेतो या दुसऱ्या कुंभारगावात घडलं, असंच तोवर धरून चालले होते. 1930 साली नागोयात त्यांनी बांबूच्या कोंबाचं चित्र असलेला चहाचा जुना वाडगा पाहिला. बुडाला चिकटलेली तांबूस माती त्यांना सेतोची वाटेना. लगेच ते मिनोतल्या मुताबोराच्या पडक्या भट्टीकडे गेले, आणि तसंच कोंबाचं चित्र असलेली खापरी त्यांना सापडली! 1933 मध्ये त्यांनी तिथेच जुन्या धाटणीची भट्टी बांधली. कृती सांगणारं कोणी उरलं नव्हतं, खापऱ्याच गुरू. 1955 मध्ये सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. आज तिथे त्यांचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. जुन्या भट्ट्यांच्या जागेवरून खापरी मात्र उचलू नका.

नवे लोक ग्लेझची कृती मागतात. मीही मागितली होती. ते मुख्यतः फेल्डस्पार हे खनिजच असतं; सगळं अवघड आहे ते माती निवडण्यात आणि भट्टी सावकाश चढवण्या-उतरवण्यात. म्हणून वहीत ग्लेझच्या आधी भट्टीचे तास लिहा. परतल्यावर माझे पहिले बारा नमुने काचेसारखे चकचकीत निघाले. वही उघडली तेव्हा कळलं, भट्टी फार लवकर गार केली होती. तेराव्या वेळी दोन दिवस दार उघडलं नाही. वाडग्याच्या कडेला नखाएवढी लाली आली होती.