टेकलेलं, रेललेलं, तोललेलं: आधाराचे फोटो कसे काढायचे

दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत म्हणजे एक दुसरीला टेकलीये असं होत नाही, आणि या विषयावरचे बरेचसे फोटो इथेच फसतात. भिंतीजवळ उभी सायकल, झाडाजवळ उभा माणूस, खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोन मैत्रिणी, फोटो छानच असतो पण वजन कुठे दिसतच नाही. म्हणून कॅमेरा वर करायच्या आधी एकच विचारायचं, हा आधार आत्ता काढून घेतला तर काय पडेल? उत्तर "काहीच नाही" असेल तर तो नुसता जवळिकीचा फोटो आहे (तोही काढा, त्यात वाईट काय). पण सायकल धाडकन पडेल, आजोबांचा तोल जाईल, वेल जमिनीवर लोळेल असं काही असेल तर थांबा, इथे खरंच काहीतरी आहे.

आता हे वजन फोटोत आणायचं कसं. ते कुठून निघून कुठे जातंय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणजे जिथे टेकलंय ती जागा आणि जिथे जमिनीला लागलंय ती जागा, दोन्ही हव्यात. शिडी घ्या. शिडी लावताना साधारण चार फूट उंचीला एक फूट या हिशोबाने पायथा भिंतीपासून लांब ठेवतात, कोन ७५ अंशांच्या आसपास येतो, आणि खाली जमिनीशी घर्षण नसेल तर वरचं टेकणं काही कामाचं नाही, शिडी सरळ घसरत येते. म्हणजे अर्धी गोष्ट पायाशीच असते. आणि आपण काय करतो, वरचा भाग छान दिसतोय म्हणून खालचे पाय कापतो, मग शिडी हवेत तिरकी अडकवल्यासारखी दिसते. काठी, छत्री, सायकल, कठड्याला रेललेला माणूस, सगळ्यांना हेच लागू. पाय फ्रेममध्ये ठेवा, नाहीतर मग एवढं जवळ जा की फक्त दाब दिसेल. मधलं अंतर सगळ्यात वाईट.

दुसरी अडचण अशी की कललेली वस्तू आणि वाकडा धरलेला कॅमेरा, फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. पिसाच्या मनोऱ्याचं बघा ना. तो कलत कलत साधारण साडेपाच अंशांवर गेला होता, १९९० मध्ये बंद केला, दुरुस्ती झाली, २००१ च्या शेवटी परत उघडला तेव्हा कल साधारण चार अंशांवर आलेला. चार अंश म्हणजे तसं काहीच नाही हो, तरी पहिल्या नजरेत कळतं, कारण शेजारचं कॅथेड्रल सरळ उभं आहे. कॅथेड्रल क्रॉप करून टाका, लोक म्हणतील फोन नीट धरता येत नाही का. त्यामुळे फ्रेममध्ये एक तरी सरळ उभी किंवा आडवी रेघ पाहिजेच, दाराची चौकट, खांब, फरशीची सांध, पाण्याची कड, काहीही चालेल. (आणि तो मनोरा हाताने धरून ठेवल्याचा फोटो असतो ना, तो इतका खोटा का वाटतो ते नीट बघा. तळहात सपाट, मनगट सैल, खांदा आरामात. कोणी खरंच काही पेलताना असं उभं राहतं का.)

फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिड (पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू करून ठेवा, लेव्हल (फोन सरळ धरलाय का ते दाखवणारी रेघ) असेल तर तीही. फोन वर किंवा खाली झुकवून काढला की सरळ भिंतीसुद्धा आत किंवा बाहेर झुकल्यासारख्या दिसतात, वाईड लेन्सवर तर फारच, मग खरं कललेलं काय आणि लेन्सने कलवलेलं काय याचा पत्ताच लागत नाही. म्हणून दोन पावलं मागे या, २एक्स झूमवर जा, आणि फोन भिंतीला समांतर धरा. आणि नंतर एडिट करताना ते ऑटोचं बटण दाबताना जरा जपून, बरीच ॲप्स त्यात फोटो आपोआप सरळ करतात, म्हणजे तुमची तिरकी काठी सरळ आणि मागचं घर तिरकं, झालं काम.

माणसांकडे येऊ, कारण खरी मजा इथे आहे. माणूस टेकला की शरीरात बारीक बारीक बदल होतात, ते शोधायचे. कठडा घट्ट धरलेला म्हातारा हात जवळून बघा, जोर येतो तिथे नखाखालची त्वचा पांढुरकी पडते, बोटांच्या सांध्यावर कातडी ताणली जाते, आणि अंगठा बहुतेक वेळा कठड्याच्या खालून वळलेला असतो. नुसता ठेवलेला हात असा नसतोच, त्याची करंगळी सैल असते. प्रवासात कोणी शेजारच्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलं असेल तर गाल दाबला गेलेला असतो, ओठांचा एक कोपरा वर सरकलेला असतो, शर्टाला खांद्यावरून गळ्याकडे चुण्या पडलेल्या असतात. पण माझं लक्ष नेहमी ज्याच्यावर टेकलेत त्याच्याकडे जातं. तो माणूस हलत नाही. मोबाईल एकाच हाताने वापरतो, खांदा जरासा खाली, मान दुसऱ्या बाजूला, कधी कधी श्वाससुद्धा हळू घेतोय की काय असं वाटतं. झोपणाऱ्यापेक्षा फोकस त्याच्यावर ठेवून बघा, फोटो एकदम बदलतो.

पण अनोळखी झोपलेल्या माणसाचा चेहरा दिसेल असा फोटो मी काढत नाही, तुम्हीही काढू नका असंच सांगेन. झोपलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. खांदा, हात, चुण्या, पाठमोरी बाजू यावर भागतं, आणि काढलाच तर जागं झाल्यावर दाखवा, नको म्हणाले तर समोरच डिलीट करा. दवाखान्यात तर विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेरच काढायचा नाही.

ओळखीच्या लोकांना "जरा एकमेकांना टेका ना" म्हटलं की संपलं. लगेच फोटोवालं हसू येतं आणि दोघं एकमेकांना हलकेच चिकटतात, वजन कोणीच देत नाही. त्यापेक्षा काम द्या. उभ्या उभ्या बुटाची लेस बांधायला सांगा, चपलेतला खडा काढायला सांगा, एका पायावर आलेला माणूस न सांगता शेजारच्याचा खांदा पकडतो आणि शेजारचाही नकळत पाय रोवतो. उंच पायरी, निसरडी वाट, अरुंद बांध, हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. वयस्कर माणूस खुर्चीतून उठताना तर फारच सुंदर क्षण असतो, हात गुडघ्यावर किंवा खुर्चीच्या हातावर दाबला जातो, अंग पुढे येतं आणि मग बूड सुटतं, तो सुटण्याचा क्षण पकडायचा. एकच क्लिक करून ते सापडत नाही, बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) लावा आणि हालचाल सुरू व्हायच्या आधीच बटण दाबून ठेवा. चालायला शिकणाऱ्या बाळासाठी जमिनीवर लोळा, खरंच, बाळाच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा आणा आणि मोठ्या माणसाचा चेहरा फ्रेमच्या बाहेर जाऊ द्या, एक बोट आणि त्यावरची मूठ एवढं पुरतं.

सेटिंगबद्दल पटकन सांगून टाकते. शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, बसलेल्या माणसांना १/१२५ सेकंद चालतं, चालणाऱ्या मुलाला १/५०० च्या आसपास ठेवा, उजेड कमी असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढू द्या, थोडे दाणे दिसले तरी हललेल्या फोटोपेक्षा बरे. दोन चेहरे मागेपुढे असतील तर एफ १.८ चा (लेन्सचं भोक मोठं उघडायचा) मोह आवरा, एक धारदार आणि दुसरा धूसर होतो, एफ ५.६ वगैरेला या. आणि फोनचा पोर्ट्रेट मोड (मागचं आपोआप धूसर करणारा) या विषयासाठी बंदच ठेवा, तो दोन माणसांच्या मधली कड अंदाजाने ठरवतो आणि नेमकी जिथे ती टेकलीयेत तिथेच केस, कॉलर, कानाची पाळी खाऊन टाकतो. उजेड बाजूने आलेला सगळ्यात चांगला, चुण्या आणि दाब त्यातच उठून दिसतात, समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. सूर्य मागे ठेवून काळ्या आकृत्या काढायच्या असतील तर एक लक्षात ठेवा, दोन शरीरं एकमेकांत मिसळून एकच काळा गोळा होतो, म्हणून त्यांच्यामध्ये कुठेतरी आकाशाचा त्रिकोण दिसेपर्यंत स्वतः डावी-उजवीकडे सरका. एक्सपोजर (फोटो किती उजळ यायचा ते) आकाशावर लॉक करा.

निसर्गात उलट आहे, तिथे कोणी पोज देत नाही पण आधार ओळखायला थोडी माहिती लागते. वडाच्या पारंब्या सगळेच काढतात, पण हवेत लोंबणारी पारंबी काहीच पेलत नसते. ती जमिनीत रुजली, जाड झाली, की मग फांदीचा खांब होते. एकाच फ्रेममध्ये लोंबणारी बारीक पारंबी आणि शेजारी खांब झालेली मिळाली तर तो फोटो नुसत्या जटांच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त सांगतो. खारफुटीची आधारमुळं बघायला ओहोटीच्या वेळा बघून जा, भरतीला गेलात तर नुसती हिरवी पानं आणि पाणी.

वेलींचे तणावे (आधार धरायला वेल सोडते ते बारीक धागे) हा माझा सगळ्यात आवडता विषय, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. तणावा आधी सरळ असतो, हवेत हळूहळू फिरत काहीतरी शोधत असतो, टोकाला काडी किंवा तार लागली की तो तिला वेढा घालतो, काही वेलींमध्ये तर स्पर्श झाल्यावर काही मिनिटांतच वळायला सुरुवात होते. मग मधला भाग स्प्रिंगसारखा पीळ घेतो आणि वेलीला आधाराकडे ओढून घेतो. आता बघा, एक टोक वेलीला आणि दुसरं काडीला अडकलेलं, मग सगळा पीळ एकाच दिशेने पडूच शकत नाही, म्हणून मध्ये कुठेतरी पिळाची दिशा उलटते, अलीकडे एका बाजूने आणि पलीकडे दुसऱ्या बाजूने. डार्विननेही वेलींचा अभ्यास करताना हे नोंदवून ठेवलंय. ती उलटण्याची जागा, तिथे एक छोटासा सरळ तुकडा असतो, तोच तुमचा फोकस पॉइंट. एकदा दिसला की प्रत्येक वेलीवर शोधत बसाल. वारा लागला की ही स्प्रिंग ताणते आणि परत येते, त्यामुळे तणावा तुटत नाही, पण तुमचा फोटो मात्र हलतो, म्हणून सकाळी लवकर जा, वारा बहुतेक कमी असतो आणि दव असेल तर बोनस. कॅमेरा तणाव्याला समांतर धरा म्हणजे पूर्ण लांबी फोकसमध्ये राहील. फोन फार जवळ नेला की तो स्वतःच अल्ट्रावाईड लेन्सवर उडी मारतो आणि फोनची सावली पण पडते, त्यापेक्षा थोडं लांबून झूम बरा. वेळ असेल तर फोन स्टँडवर पक्का लावून टाइमलॅप्स (हळू हालचाल भराभर दाखवणारा व्हिडिओ) सोडा, अजून काही न पकडलेल्या तणाव्याशेजारी एक काडी रोवून. हो, इथे काडी रोवणं चालतं, कोणाचं काही बिघडत नाही, पण अडकलेला तणावा सोडवून दुसरीकडे नेऊ नका.

कललेली झाडं पडत का नाहीत, तर ती नुसती कललेली नसतात, सतत स्वतःला सावरत असतात. रुंद पानांची झाडं कलाच्या वरच्या बाजूला वेगळं ताण देणारं लाकूड बनवतात, खोड मागे ओढल्यासारखं, आणि पाइनसारखी सूचिपर्णी झाडं खालच्या बाजूला दाब देणारं लाकूड बनवतात, खालून ढकलल्यासारखं. आतलं लाकूड फोटोत दिसत नाही पण परिणाम दिसतो, बुंधा तिरका आणि शेंडा परत वर वळलेला. तो पूर्ण बाक फ्रेममध्ये घ्या, नुसता मधला तिरका तुकडा घेतला तर ते कोणी ढकललेलं झाड वाटतं. डोंगर उतारावर सरळ रेघ मिळत नाही, उतार स्वतःच डोळ्याला फसवतो, तिथे शेजारचं सरळ झाड शोधा किंवा मागे तळं असेल तर उत्तम. आणि वादळात पडून दुसऱ्या झाडावर अडकलेलं झाड दिसलं तर फोटो लांबूनच, त्याच्या खाली जायचं नाही. ते कधी सुटेल सांगता येत नाही.

प्राणी-पक्ष्यांचं थोडक्यात, कारण तिथे नशीब आणि लांब लेन्स दोन्ही लागतात. वेडे राघू संध्याकाळी फांदीवर एका रांगेत अगदी चिकटून बसतात, रांग पूर्ण घ्या किंवा मधले तीन घ्या, कडेचा एक अर्धा कापू नका. विणकर मुंग्या पानं ओढताना एकमेकींची कंबर जबड्यात धरून साखळी करतात, ती मिळाली तर बाकी सगळं सोडा. घरातला कुत्रा पायाला रेलतो तेव्हा कॅमेरा जमिनीवर ठेवा, पँटची चुणी आणि त्याचं एका बाजूला गेलेलं पोट दोन्ही येतं. घरट्याजवळ मात्र जाऊ नका, आईबाप पक्षी घाबरून लांब राहतात.

कमी उजेडात हात हलत असेल तर स्वतः भिंतीला पाठ लावा, कोपरं छातीशी धरा, श्वास सोडता सोडता क्लिक करा, शटर १/३० पर्यंत निभावतं.

निवडताना मी फोटो आधी अगदी छोटा करून बघते, अंगठ्याएवढा. तेवढ्यातही कोण कोणावर टेकलंय कळलं तर ठेवते. मग क्रॉप, कलाच्या दिशेला थोडी जास्त जागा सोडून, म्हणजे पडलं असतं तर कुठे ते दिसतं, तीच बाजू घट्ट कापली की फोटोची कडच आधार देतेय असं वाटायला लागतं. रंग लक्ष खेचत असतील, म्हणजे मागे लाल बादली वगैरे, तर ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, आणि बादली तरीही नडत असेल तर परत जाऊन अँगल बदलून काढा, सायकल असेल तर बहुतेक तिथेच टेकलेली सापडेल.