पावसाळ्यातला रोलचा कॅमेरा

साताऱ्यात पावसाची झड लागली की कपाटातल्या चामडी चपलांवर पांढरा थर चढतो. जुन्या एसएलआर (लेन्समधून येणारे दृश्यच आरशाने डोळ्याला दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याच्या लेन्सलाही याच दिवसांत बुरशी लागते, आणि तिने एकदा काचेवरचे कोटिंग खाल्ले की ते पुसून परत येत नाही. म्हणून लेन्स विकत घेताना, आणि पुढे दर महिन्याला, ती एकदा तपासावी. उजेडाचे छिद्र लहान-मोठे करणारी लेन्सवरची रिंग सर्वांत लहान आकड्यावर फिरवून मागून टॉर्चचा तिरका उजेड टाकावा आणि पुढून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी समजावी. थोडी धूळ असेल तर मात्र खुशाल दुर्लक्ष करावे. फोटोत ती सहसा दिसत नाही. मग रिंग १६ वर आणून लेन्सच्या मागचा छोटा दांडा बोटाने ढकलून सोडावा. छिद्राची पाती चटकन मिटायला हवीत. रेंगाळली तर त्यांवर तेल उतरले आहे.

कॅमेऱ्याबरोबर आलेले चामडी कव्हर कितीही देखणे असले तरी ते ओल धरून ठेवते, त्यामुळे ते वेगळेच ठेवावे. कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात आणि जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करावेत. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाढायला वाव मिळत नाही. आतला आरसा आणि शटरचा कापडी पडदा यांना बोट लावू नये. आरशाचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो आणि रुमालानेसुद्धा त्यावर ओरखडे पडतात. तिथे रबरी पंपाची हवा पुरते.

कासच्या पठारावर धुक्यात फोटो काढून परतल्यावर कॅमेरा लगेच उघडू नये. पिशवीचे तोंड बांधलेलेच ठेवून त्याला अर्धा तास घरातल्या हवेशी जुळू द्यावे. पेंटॅक्स के-१००० सारख्या कॅमेऱ्यात सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी लागतो, त्यामुळे सेल संपला तरी शटर चालते; कॅनन एई-१ मात्र सेलशिवाय अडून बसतो, म्हणून जादा सेल खिशात असावा.

रोल भरल्यावर गुंडाळायची कळ हलकेच फिरवून फिल्मची ढील काढावी, आणि पुढचा फोटो घेण्यासाठी दांडा ओढताना तीच कळ उलटी फिरते का ते पाहावे. ती स्थिर राहिली तर फिल्म तिला पुढे ओढणाऱ्या चक्राच्या दातांत बसलेली नाही. माझे ३६ फोटो असेच कोरे गेले आहेत.