पुलावरून लाँग एक्स्पोजर: दुहेरी दिसणारे दिवे असे थांबले

तिन्हीसांजेला पुलावरून शहराचे लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढताना एकच त्रास छळत होता. गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा झकास यायच्या, पण मागच्या इमारतींच्या खिडक्या दोन-दोन दिसायच्या. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटर ३० सेकंद उघडं, फोकस मॅन्युअल, ट्रायपॉड भक्कम. मग लेन्सवर संशय.

फोटो स्क्रीनवर मोठा केला तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक दिवा फक्त खालीवर हलला होता, आडवा अजिबात नाही. म्हणजे हलत होता तो पूलच! जड गाडी गेली की दोन खांबांमधला भाग लवतो, खांबाच्या बरोबर वर हालचाल सगळ्यात कमी.

ट्रायपॉड तिथे नेला, त्याची मधली दांडी पूर्ण खाली घेतली, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद केलं, शटर २ सेकंदांच्या टायमरवर ठेवलं. बराच फरक पडला.

उरलेलं काम छोट्या एक्स्पोजरनी केलं. एका ३० सेकंदांच्या जागी ४ सेकंदांचे बरेच फोटो, आयएसओ ८००. नॉइज (फोटोतले बारीक दाणे) थोडा वाढतो, पण चालतो. इमारती आणि आकाश सगळ्यात स्थिर फ्रेममधून घ्यायचे. बाकीच्या फ्रेम एडिटिंग सॉफ्टवेअरच्या ‘लाइटन’ मोडमध्ये (यात जे जास्त उजळ तेच दिसतं) वर ठेवून मास्कने, म्हणजे नको तो भाग झाकून, फक्त रस्ता उघडा ठेवायचा. हललेल्या फ्रेमही वाया जात नाहीत, कारण रेषांमधली थरथर सहसा जाणवत नाही.

इमारतींची फ्रेम मात्र आकाश गडद निळं असतानाच घ्या. ती वेळ फार थोडी असते. रेषा नंतरही मिळतात.